विद्यापीठ ग्रंथालयातले स्कॅन केलेले प्रबंध आणि जुनी पुस्तकं: सुरुवात कुठून करावी?

दाखलनोंद
मंडळी, मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या.

आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे टेंडर काढून जुनी पुस्तकं आणि पीएच.डी.चे प्रबंध स्कॅन करून घेतले. एजन्सी बिल घेऊन गेली, मागे सहा हार्ड डिस्क राहिल्या. गेल्या महिन्यात त्या कपाटातून काढल्या. पाच सुरू झाल्या, सहावी नुसती टकटक करते. चालणाऱ्या डिस्कमध्ये ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘फायनल’, ‘फायनल करेक्शन’ असे फोल्डर, आणि आत ‘स्कॅन०००१’पासून हजारो पीडीएफ. कुठली फाइल कशाची, हे उघडल्याशिवाय कळत नाही. पहिलीच उघडली ती शके १८०५चं एक पुस्तक निघालं. शीर्षकपृष्ठाचा डावा कोपरा कापला गेलाय आणि दाखल क्रमांक नेमका त्याच कोपऱ्यात होता.

आता वरून निरोप आलाय की नॅकची (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येण्याआधी ‘सगळं ऑनलाइन दिसलं पाहिजे’. हाताशी मी, एक कंत्राटी संगणक सहायक आणि ‘कमवा आणि शिका’मधली चार मुलं.

आधी काय करावं? सॉफ्टवेअर, नोंदी, की डिस्क वाचवणं? माझं मत असं की सगळं घाईनं चढवण्यापेक्षा दोनशे प्रबंध नीट नोंदींसह द्यावेत. पण हे बोललं की “दोनशेच?” असं ऐकावं लागतं. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सर्व्हरवाला
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी डिस्क. टकटक करणारी पुन्हा चालू करून बघू नका. दर वेळी वीज दिली की आतलं आणखी खरवडलं जाण्याची भीती असते. ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची.

उरलेल्या पाचांची आजच्या आज प्रत काढा. प्रत काढताना प्रत्येक फाइलचं चेकसम काढून एका यादीत ठेवा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चेकसम म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ओळ बदलते. दर सहा महिन्यांनी ती पुन्हा काढून जुन्या यादीशी ताडायची. जुळली नाही तर फाइल बिघडलीय, दुसऱ्या प्रतीतून आणायची. हे काम स्क्रिप्ट रात्रीतून करते.

प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक वेगळ्या गावात. एकाच खोलीतल्या तीन डिस्क म्हणजे एकच प्रत समजा.

आणि एजन्सीनं फक्त पीडीएफ दिल्यात की टिफही (पानाची न आकसलेली मूळ चित्रफाइल)? ए-४चं रंगीत पान ४०० डीपीआयला, न आकसता ठेवलं तर साधारण ४६ एमबी होतं. म्हणजे ३०० पानांच्या पुस्तकाला जवळपास १४ जीबी. ही मूळ फाइल जपायची आणि वाचकाला हलकी पीडीएफ द्यायची. टेंडरच्या कागदांत ‘मास्टर फाइल’ लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर कदाचित सहाव्या डिस्कमध्ये तेच असेल.

तात्या_सांगलीकर
वेगळ्या गावातल्या प्रतीबद्दल पूर्ण सहमत. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाणी शिरलं तेव्हा ग्रंथालयांतली तळमजल्यावरची पुस्तकं भिजून फुगली. कपाटात दाटीनं लावलेली पुस्तकं इतकी फुगतात की हातानं ओढून निघत नाहीत, हे मी त्या वेळी पाहिलं. पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आम्ही सतरंजीवर एकेक उघडून पंखे लावले, मध्ये टिपकागद घातले. थोडी वाचली, बरीच गेली. त्यांची स्कॅन प्रत कुठे असती तर किमान मजकूर तरी राहिला असता.

सर्व्हरची खोली तळमजल्यावर असेल तर वर न्या. एवढंच.

केतकी_प
मी बारा वर्षं हेच काम करतेय, म्हणून थोडं लांबण लावते.

दाखलनोंद, तुमचं दोनशेचं मत बरोबर आहे. त्यावर ठाम राहा. नोंदीशिवाय फाइल चढवणं म्हणजे पुस्तकांची पोती आणून वाचनकक्षात ओतणं. ‘डब्लिन कोअर’ नावाचा १५ रकान्यांचा साचा आहे: शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क वगैरे. वाचून वाटतं, यात काय आहे? काम सुरू केलं की प्रत्येक रकाना भांडायला उठतो.

कर्त्याचंच घ्या. आमच्याकडे इंग्रजीत ‘व्ही. के. राजवाडे’ नावाखाली मुलांनी सगळं एकत्र लावून टाकलं. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे दोघे सख्खे भाऊ. मराठीत वि. का. आणि वै. का. असा फरक तरी दिसतो, रोमन आद्याक्षरांत तोही पुसला जातो. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं शोधणाऱ्याला वेदांगावरचे लेख मिळायला लागले तेव्हा आमच्या लक्षात आलं. म्हणून आधी नावांची प्रमाण यादी करा: एक व्यक्ती, एक ठरलेलं रूप, आणि त्याखाली तिची बाकीची सगळी रूपं.

तारखेचंही तसंच. शके १८०५ म्हणजे १८८३-८४. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून चैत्रापर्यंत ७९. शीर्षकपृष्ठावर महिना नसेल तर दोन्ही सालं लिहा आणि मूळ ‘शके १८०५’ टीपेच्या रकान्यात तसंच ठेवा. छापलेलं आहे ते कधी पुसू नका.

मुलांना एकदम पंधरा रकाने देऊ नका. आधी सहा द्या, दहा नोंदी झाल्या की समोर बसवून तपासा. आमच्याकडे एका मुलीनं मार्गदर्शकाचं नाव आणि संशोधकाचं नाव सलग साठ प्रबंधांत उलटं भरलं होतं. तिची चूक नव्हती. आम्ही दिलेल्या नमुन्यातच रकाने उलटे होते.

शेषराव_परभणी
असहमत. मी ग्रंथपाल नाही, वाचक आहे. मराठवाड्यातल्या नियतकालिकांवर काम करतो. एका मासिकाच्या अंकासाठी मी सहा वर्षं फिरतोय. एका ग्रंथालयानं सांगितलं, स्कॅन झालंय पण ‘प्रक्रिया सुरू आहे’. सहा वर्षं!

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची आठवण करा. नावं रोमनमध्ये कशीही लिहिलेली, पानं वाकडी, काही ठिकाणी लेखकाच्या जागी प्रकाशक. पण तिथं मला तीन पुस्तकं मिळाली, जी महाराष्ट्रात मला कुणी दाखवली नव्हती. पुढे ती साइट बंद पडली, तरी इंटरनेट अर्काइव्हवर त्यातल्या प्रती आहेत म्हणून आजही काम चालतं. वाईट नोंद मी सोसतो. कपाटातली हार्ड डिस्क मला सोसत नाही.

तुम्ही दोनशे सुंदर नोंदी कराल आणि बाकीचे हजार निवृत्तीनंतर कुणी बघणार नाही. टाका सगळं बाहेर. सुधारणा आम्ही वाचक सांगू.

केतकी_प
शेषराव, तुमचा राग योग्य आहे. पण तुम्ही सराईत आहात, वाकड्या नावातूनही शोधता. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा मुलगा एकदा शोधतो, मिळालं नाही की ‘नाही’ समजून जातो. त्याचाही विचार करायला हवा.

नर्मदातीर
वाचतेय. वाचनखूण साठवली.

वकीलसाहेब
‘टाका सगळं बाहेर’ याला माझी हरकत आहे, कायद्याची.

भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११पासून खुलं. आचार्य अत्रे १९६९मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबावं लागेल. पुस्तक जुनं दिसतं म्हणून खुलं होत नाही. १९२५ साली पंचविशीत लिहिणारा लेखक १९८०पर्यंत जगला असू शकतो.

२०१२च्या दुरुस्तीनं कलम ५२मध्ये एक सोय केली आहे. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. साठवता येते, जगाला दाखवता येते असं नाही. हा फरक वरच्यांना लेखी कळवा.

जुन्या प्रबंधांत संशोधकाशी करारनामा नसेल तर हक्क त्याचाच धरून चाला. तोपर्यंत नोंद आणि सारांश सगळ्यांना, पूर्ण मजकूर ग्रंथालयातल्या संगणकावर. आणि संग्रहात पत्रं असतील तर जास्त जपा: पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा.

मोडीवेडा
अवांतर होईल, पण लिहितो. तुमच्याकडे रुमाल आहेत का? म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे? असतील तर एजन्सीनं रुमाल सोडून कागद सलग स्कॅन केले असणार आणि परत बांधताना क्रम मोडला असणार. माझ्या ओळखीच्या एका संग्रहात हे घडलं. कुठला कागद कुठल्या रुमालातला हे गेलं की त्या कागदाचं अर्धं बोलणं बंद होतं. हिशेबाचा तुकडा कुठल्या गावच्या दप्तरात होता यावरच तो कशाचा हिशेब ते ठरतं. म्हणून फाइलच्या नावातच रुमाल क्रमांक, कागद क्रमांक आणि बाजू घाला. कागदांच्या मागच्या बाजूही स्कॅन करा. शेरा आणि तारीख पुष्कळदा पाठीवर असते.

युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) मोडी २०१४ सालापासून आहे. त्यामुळे लिप्यंतर देवनागरीत केलं तरी नोंदीत ‘भाषा मराठी, लिपी मोडी’ असं वेगळं लिहा.

पणजीकर
मोडीवेडा, लिपीच्या रकान्याबद्दल +१. फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापलं गेलं ते मराठीत, पण रोमन लिपीत. आमच्याकडे भाषा आणि लिपी एकाच रकान्यात कोंबली तर निम्मा संग्रह चुकीच्या खणात जातो. पोर्तुगीज, रोमी कोंकणी, देवनागरी कोंकणी, मराठी, सगळं एकाच कपाटात शेजारी असतं.

अक्षरजुळणी
आता माझ्या दुखण्याचा विषय. १९९५ ते २०१०च्या सुमारचे मराठी प्रबंध सीडीवर असतील, आणि ते श्रीलिपी, आकृती नाहीतर आयएसएमच्या फाँटमध्ये असतील. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, पण मजकूर कॉपी करून चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा मिळतो. यंत्राला त्यात मराठी दिसतच नाही, मग शोधात काय सापडणार? हे प्रबंध फाँट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि मूळ फाइलही ठेवा. परिवर्तकात रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते, त्यामुळे किमान शीर्षक, सारांश आणि अनुक्रमणिका माणसानं वाचली पाहिजे.

युनिकोडमध्येही कटकट आहेच. ‘ऱ्हास’ दोन तऱ्हांनी टंकता येतो, दिसतो सारखाच, शोधणाऱ्या यंत्राला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. जुन्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘पुणें’ असतं. १९६२च्या लेखननियमांनंतरचा वाचक ‘पुणे’ टंकतो आणि त्याला काही मिळत नाही. शोधाच्या वेळी अनुस्वार दुर्लक्षित करायची सोय सर्व्हरवाल्याकडून करून घ्या. आणि क्रमवारी! संगणक स्वतःच्या बुद्धीनं ळ ला ल च्या पाठोपाठ बसवतो आणि क्ष ला क मध्ये. आपल्या वर्णमालेत ते ह च्या पुढे येतात. लेखकांची यादी लावताना ‘क्षीरसागर’ कुठे गेले म्हणून मी एकदा तासभर शोधत होते.

सर्व्हरवाला
अक्षरजुळणी, अनुस्वाराचं शोधयंत्रात करता येतं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ओसीआरबद्दलही, म्हणजे पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखण्याबद्दल, लिहितो. टेसरॅक्ट फुकट आहे, मराठी ओळखतं, नव्या छपाईवर बरं चालतं. शिळाप्रेसवर आणि फिक्या शाईच्या खिळ्यांच्या छपाईवर जोडाक्षरं गडबडतात. तरी ओसीआर मजकूर आत लपवून ठेवा. वाचायला नको, शोधायला चालतो.

शेषराव_परभणी
हे पटलं. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा १८५७चा कोश शब्द टंकून शोधता येतो, रोज वापरतो. नुसती चित्रं असती तर इतका वापरला नसता.

निवृत्त_ग्रंथपाल
दाखलनोंद, बाळ, तीस वर्षं या खात्यात काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पत्त्याची. आम्ही २००७ साली डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर बसवलं. मोठ्या हौशीनं. प्रबंधांचे दुवे थेट सर्व्हरच्या आकडी पत्त्यावर होते. विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रबंधांत, लेखांत ते दुवे छापले. पाच वर्षांनी सर्व्हर बदलला आणि छापलेले सगळे दुवे मेले. एका प्राध्यापिकेनं छापील पुस्तक आणून मला दाखवलं. तळटिपांमध्ये आमचे अकरा दुवे, एकही उघडेना. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हा पहिल्या दिवसापासून हँडलसारखा कायमचा क्रमांक घ्या, जो सर्व्हर बदलला तरी बदलत नाही.

दुसरी, माणसाची. ते सगळं एका हुशार मुलाला येत होतं. तो पुण्याला कंपनीत गेला. पासवर्ड, सेटिंग, बॅकअप कुठे जातो, सारं त्याच्या डोक्यात. आम्ही जुनी आवृत्ती तशीच चालवत राहिलो, कारण बदलायची भीती. डीस्पेसच्या ५ आणि ६ या आवृत्त्यांना २०२३नंतर आधार उरला नाही, म्हणजे सुरक्षेची भोकं बुजवणारं कुणी नाही. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३च्या ऑक्टोबरात हल्ला झाला तेव्हा त्यांची ऑनलाइन तालिका जानेवारीपर्यंत बंद होती. त्यांच्याकडे केवढी माणसं! म्हणून एक साधी वही करा. काय कुठे आहे, कसं चालू करायचं, कोणाला विचारायचं. दर महिन्याला तारीख घालून सही करा आणि दाखलनोंदवहीच्या शेजारी ठेवा.

आणि प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, आधीच आहेत का, ते बघून घ्या. २००९च्या यूजीसी नियमानंतरचे पुष्कळसे असतील. तेच पुन्हा करण्यात मुलांचा वेळ घालवू नका. इन्फ्लिबनेटची शोधगंगाही डीस्पेसवरच चालते, त्यामुळे नोंदींचा साचा तिथल्यासारखा ठेवलात तर पुढे देवाणघेवाण सोपी जाईल.

माहेरवाशीण
इतका वेळ नुसती वाचत होते. केतकीताईंनी नावांचा विषय काढला म्हणून लिहिते.

माझ्या आईनं जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. केली. नोंदणी माहेरच्या नावानं, पदवी सासरच्या नावानं, आणि आधीचे लेख माहेरच्याच नावानं. विद्यापीठाच्या ऑनलाइन तालिकेत ती दोन वेगळ्या बायका आहे. आईला हे दाखवलं तर ती म्हणाली, “दोघींनी मिळून केलं असेल.” हसली, पण मला नाही हसू आलं.

प्रबंध स्कॅन झालाय, परिशिष्ट मात्र नाही. परिशिष्टात ओव्या सांगणाऱ्या बायकांची यादी होती. नाव, गाव, वय, किती ओव्या सांगितल्या. आईनं हातानं लिहून जोडलेली सतरा पानं. टंकलिखित भाग संपला तिथं स्कॅनिंग संपवलंय. त्यातल्या बहुतेक बायका आता नाहीत. त्यांची नावं दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाहीत.

दाखलनोंद, तुमच्याकडे परिशिष्टं आहेत का, एवढं कृपया मोजा.

केतकी_प
माहेरवाशीण, हे वाचून मी आमच्या प्रबंधांची पानं उद्याच मोजायला लावतेय. घडीचे नकाशे आणि हस्तलिखित जोडपानं आमच्याकडेही गळालेली असणार.

दाखलनोंद
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. प्रत्येकाचं वाचलं, काही दोनदा.

पाच डिस्कच्या प्रती झाल्या. एक प्रत दुसऱ्या जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्रात गेली. चेकसम काढताना कळलं की ‘फायनल’ आणि ‘फायनल करेक्शन’ फोल्डरमधल्या शेकडो फाइल तंतोतंत एकच आहेत. सहावी डिस्क रिकव्हरीला दिलीय, खर्चाची मंजुरी मिळवायला दोन टिपण्या लिहाव्या लागल्या. टेंडरमध्ये मास्टर टिफ लिहिलेले आहेत, आणि ते बाकी कुठल्याच डिस्कवर नाहीत. त्यामुळे जीव तिथं अडकलाय.

माहेरवाशीण, मोजलं. मुलांनी पहिले चाळीस प्रबंध कपाटातून काढून पानं पडताळली. चौदा प्रबंधांची परिशिष्टं गळाली आहेत. एकात तर प्रश्नावलीच्या उत्तरांचे मूळ कागद दोऱ्यानं शिवलेले आहेत, त्यांना कुणी हातच लावलेला नव्हता. आम्ही ती पानं आता पुस्तक-स्कॅनरवर वरून कॅमेऱ्यानं घेतोय, शिवण न सोडता. नावाच्या नोंदीत ‘माहेरचं नाव’ असं रूपही आता घालतो. दोन्ही नावांनी शोधलं तरी एकच व्यक्ती निघते.

शेषराव, तुमचं बोलणं मनाला लागलं होतं. म्हणून एक मधला मार्ग काढला. फाइल चढवायच्या आधी सगळ्या फाइलींची साधी यादी ग्रंथालयाच्या पानावर टाकली. वाचता आलं तेवढं शीर्षक, साल, पानं, आणि ‘तपासलं’ की ‘तपासायचं’. ज्याला हवं त्यानं क्रमांक कळवायचा, हक्काची अडचण नसेल तर आठवड्यात प्रत पाठवतो, आणि त्याची नोंद आधी तपासतो. दोनशे नीट नोंदींचं काम शेजारी चालूच आहे, आजपर्यंत बावन्न झाल्या. वरिष्ठांना यादी दाखवली. त्यांनी ‘दोनशेच?’ विचारलं नाही. ‘एवढं होतं आपल्याकडे?’ असं विचारलं.

दुवा व्यनि (खासगी निरोप) केलाय, आणखी ज्यांना हवा त्यांनी सांगा.

शेषराव_परभणी
दुवा मिळाला. काल रात्री दोन वाजेपर्यंत यादी वाचली. मनापासून आभार.

क्रमांक ४१७ला तुम्ही पुस्तक म्हटलंय. ते पुस्तक नसावं. ‘वर्ष तिसरे, अंक ५’ असं शीर्षकातच आलंय, म्हणजे मासिकाचा सुटा अंक आहे. ४१८ ते ४२३ही त्याच मालेतले वाटतात. ४२०चं पहिलं पान पाठवाल का? मी शोधतोय तो अंक ‘वर्ष तिसरे, अंक ८’ आहे.

दाखलनोंद
४१७ ते ४२३ सुधारलं, आता ‘नियतकालिक’ म्हणून एकत्र लावलंय. ४२०चं पहिलं पान व्यनितून पाठवलं. अंक ८च आहे, पण शेवटची चार पानं फाटलेली आहेत.

शेषराव_परभणी
चार पानं माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये आहेत. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो.